माहितीपट बघण्याआधी एकच प्रश्न: कशावरून?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी चहावरून वाद झाला. वाळवा तालुक्यात आमची ऊसशेती. माझ्या चुलत्यांनी, आण्णांनी, मोबाईलवर एक माहितीपट पाहिला. साखर म्हणजे पांढरं विष, असं त्यात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून आण्णांचा चहा बिनसाखरेचा. पंधरा दिवसांनी कुणीतरी दुसरा माहितीपट पाठवला. त्यात एक भारदस्त आवाज सांगत होता की गूळ हे औषध आहे, मधुमेह असला तरी निर्धास्त खा. आण्णांना मधुमेह आहे. गुळाचा चहा सुरू झाला आणि पुढच्या तपासणीत रक्तातली साखर वाढलेली निघाली. गुळात लोह आणि खनिजं थोडी जास्त असतात हे खरं, पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि पोटात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. डॉक्टरांनी एवढं पाच मिनिटांत समजावलं.

परतताना आण्णा म्हणाले, "सिनेमा असता तर मी इश्वास ठेवला नसता. ही तर खरी फिल्म हुती. मग कुठली बघायची आन् कुठली न्हाई, हे कळायचं कसं रं?"

सांगलीत आमच्या मंडळाच्या खोलीत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही भिंतीवर एक माहितीपट दाखवतो. तो निवडायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न मलाही दर महिन्याला पडतो. आण्णांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

लग्नाचा व्हिडिओ आठवा

माहितीपट म्हणजे डॉक्युमेंटरी, जुन्या पुस्तकांत अनुबोधपट. खऱ्या माणसांवर आणि खऱ्या घटनांवर बेतलेला चित्रपट. जॉन ग्रिअरसन या ब्रिटिश चित्रकर्त्याने 1926 साली एका परीक्षणात 'डॉक्युमेंटरी' हा शब्द या अर्थाने वापरला आणि पुढे त्याची व्याख्याही केली: वास्तवाची सर्जनशील मांडणी. लोक 'वास्तव' एवढंच ऐकतात. खरी गोम 'मांडणी'त आहे.

आपल्या घरातल्या एखाद्या लग्नाचा व्हिडिओ काढून बघा. त्यातलं प्रत्येक दृश्य खरं असतं. पण मानपानावरून व्याह्यांची झालेली बोलाचाली त्यात नसते. जेवणाच्या पंगतीत भात संपला होता तेही नसतं. वधूच्या आईचं रडणं असतं, त्यामागे सनई असते, आणि ती सनई मांडवात वाजत नव्हती, नंतर बसवलेली असते. शिवाय "हार परत एकदा घाला, नीट आला नाही" असं व्हिडिओवाल्याने म्हटलेलं आपल्या सगळ्यांना आठवतं. दिवसभराचं चित्रण, हातात येतो दीड तास. काय ठेवायचं, काय गाळायचं, कशामागे काय लावायचं, हे ठरवणं म्हणजे संकलन. माहितीपट याच कामातून घडतो.

ही गोष्ट आजची नाही. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने टिपलेल्या अगदी सुरुवातीच्या चलच्चित्रांपैकी ती एक. ती कुस्ती कॅमेऱ्यासाठी लावलेली होती. आपण कुस्तीच्या मुलखातले लोक, आपल्याला हे चटकन समजेल. पैलवान खरे, डाव खरे, पण जोड कुणी लावली आणि कुणासाठी लावली, हे ठाऊक असल्याशिवाय त्या कुस्तीचा अर्थ लागत नाही.

रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानुक ऑफ द नॉर्थ' हा 1922 चा चित्रपट माहितीपटांचा आद्य नमुना मानला जातो. कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट लोकांच्या जगण्यावरचा. तोवर ते लोक बंदुकीनेही शिकार करत होते, फ्लाहर्टीने त्यांना जुन्या पद्धतीने भाल्याने करायला लावली. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून अर्धंच घर बांधून आतलं दृश्य टिपलं. पडद्यावर दिसणाऱ्या नायकाचं नावही नानुक नव्हतं.

मग सगळंच बनावट म्हणायचं का?

नाही. आमच्या खोलीत कुणी ना कुणी दर वेळी हे म्हणतं, आणि तिथे थांबलं तर आपलंच नुकसान होतं. "सगळे सारखेच" म्हणणारा माणूस आणि "सगळं खरं" म्हणणारा माणूस, दोघांनीही तपासायचं काम सोडलेलं असतं.

घडून गेलेला प्रसंग नटांकडून पुन्हा करून दाखवण्याला पुनर्नाट्य म्हणतात. एरॉल मॉरिस यांच्या 'द थिन ब्लू लाइन' (1988) मध्ये ते भरपूर आहे. अमेरिकेत डॅलसमध्ये 1976 साली एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल अ‍ॅडम्स नावाच्या माणसाला शिक्षा झाली. मॉरिस यांनी खुनाचा तो प्रसंग पुन्हा पुन्हा उभा केला, दर वेळी वेगळ्या साक्षीनुसार. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे बघणाऱ्याला डोळ्यांनी दिसलं. अ‍ॅडम्स 1989 साली सुटला. इथे पुनर्नाट्याने सत्य झाकलं नाही, उघडं केलं, कारण हे पुनर्नाट्य आहे याबद्दल कुणाला संशय राहत नव्हता.

याउलट डिस्नेचा 1958 चा 'व्हाइट वाइल्डरनेस'. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कळपाने कड्यावरून उड्या मारून जीव देतात, असं त्यात दाखवलं. त्याला ऑस्कर मिळालं. 1982 साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला तेव्हा कळलं, ते प्राणी बाहेरून आणले होते आणि कड्यावरून ढकलले होते. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. तरी ती समजूत जगभर अजून टिकून आहे.

दोन्हीकडे प्रसंग रचलेलेच. एकाने बघणाऱ्याला विश्वासात घेतलं, दुसऱ्याने फसवलं. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

'कशावरून?' हा प्रश्न कसा विचारायचा

आपल्याकडे कुणी काही ठासून सांगितलं की समोरचा म्हणतो, "कशावरून?" माहितीपट निवडायला याहून चांगलं हत्यार मला सापडलेलं नाही. पहिली पंधरा मिनिटं बघा आणि प्रत्येक मोठ्या विधानाला हे विचारा. चित्रपट उत्तर देतो का? तिथे हजर असलेला माणूस बोलतोय का, की ऐकीव सांगणारा? कागद दाखवला तर तो वाचता येईल इतका वेळ पडद्यावर राहिला का? जाणकार बोलतोय तर त्याचा विषय तोच आहे का? आण्णांच्या गुळाच्या माहितीपटात पांढऱ्या कोटातले तीन जण होते, एकाच्याही नावाखाली तो कशाचा डॉक्टर ते लिहिलेलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत फक्त संगीत, ड्रोनमधून दिसणारी शेतं आणि "तज्ज्ञ सांगतात" एवढंच मिळालं, तर मी बंद करतो. बेदाण्याच्या सौद्यात कुणी वरचा थर बघून बोली लावत नाही, खालून मूठभर काढून बघतात. दोन तास देणं हीही बोलीच आहे.

स्वतःवर प्रयोग करणारे माहितीपट सध्या फार आहेत: इतके दिवस हे खाल्लं, ते सोडलं. त्यातला गाजलेला म्हणजे 'सुपर साइझ मी' (2004). मॉर्गन स्परलॉक यांनी 30 दिवस फक्त मॅकडोनाल्ड्समध्ये खाल्लं, वजन सुमारे 11 किलोंनी वाढलं, यकृत बिघडल्याचं डॉक्टर सांगताना दिसले. चित्रपटाचा परिणाम मोठा झाला. पण 2017 साली स्परलॉक यांनीच जाहीरपणे लिहिलं की गेल्या 30 वर्षांत आठवड्याहून जास्त काळ ते दारूशिवाय राहिले नव्हते. मग यकृताचं काय समजायचं? असलं खाणं तब्येतीला वाईट, हे त्यावाचूनही खरं आहे. पण या चित्रपटावरून ते सिद्ध होत नाही. एका माणसाचा अनुभव हा अनुभव असतो, पुरावा व्हायला आणखी पुष्कळ माणसं लागतात.

आकड्यांचंही तसंच. 'सीस्पिरसी' (2021) मध्ये 2048 पर्यंत समुद्र माशांविना रिकामे होतील असं सांगितलं. तो अंदाज 2006 च्या एका अभ्यासातला. त्याच अभ्यासाच्या प्रमुख लेखकाने 2009 साली इतर शास्त्रज्ञांबरोबर नवा अभ्यास करून बरंच आशादायक चित्र मांडलं होतं. चित्रपटाने जुना आकडा उचलला. आकडा ऐकला की तो कोणत्या सालचा, हे विचारायचं.

"पुरस्कार मिळालाय म्हणजे चांगलाच असणार"

पुरस्कार देणारे ज्युरी चित्रपट बघतात. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांना विचारायला ते गावात जात नाहीत. 'रायटिंग विथ फायर' हा 'खबर लहरिया' या बुंदेलखंडातल्या दलित स्त्रियांच्या बातमीपत्रावरचा माहितीपट. सनडान्स महोत्सवात त्याचा गौरव झाला, पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. 2022 साली सोहळ्याच्या तोंडावर खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढलं: आम्ही जणू एकाच पक्षावर लक्ष ठेवून बातम्या देतो असं चित्र यातून उभं राहतं, ते आमचं पूर्ण काम नाही.

तो चित्रपट मी दोनदा पाहिला आहे आणि आमच्याकडे दाखवलाही आहे. बघावाच असा आहे. मात्र दाखवल्यावर लाइट लावून मी ते निवेदनही वाचून दाखवलं, आणि त्या रात्रीची चर्चा सगळ्यात चांगली झाली. चित्रपटातली माणसं चित्रपटाबद्दल काय म्हणतात, हे शोधायला फोनवर दोन मिनिटं लागतात. मला ती परीक्षणापेक्षा मोलाची वाटतात.

एका बाजूने बोलणारा बघूच नये का?

बघावा. बाजू असणं हा दोष नाही, लपवणं हा दोष आहे. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) घ्या. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 1997 साली पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मेले, तिथून तो सुरू होतो. दिग्दर्शक कुणाच्या बाजूला उभा आहे हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. पण तो 14 वर्षं त्या माणसांबरोबर, त्यांच्या शाहिरीबरोबर राहिला आहे. त्याची मतं पटली नाहीत तरी त्याने टिपलेली माणसं आणि गाणी आपल्याजवळ राहतात. कोर्टात वकील एका बाजूचाच असतो, पण तो कुणाचा वकील हे सगळ्यांना माहीत असतं.

मला भीती वाटते ती तटस्थ आवाजाची. खर्जातलं निवेदन, सरकारी नकाशे, कुणावर राग नाही, आणि शेवटच्या पाट्यांमध्ये बारीक अक्षरात त्याच कंपनीचं नाव, जिच्या खताचं वा औषधाचं दीड तास कौतुक झालं. शेवटच्या पाट्या आधी बघायची सवय लावून घ्या. पैसे कुणी दिले हे तिथे असतं. ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर त्यावरूनही बरंच समजतं.

पारख शिकायची तर आपल्या शिवारातून

"आम्ही काय संशोधक आहोत? दिवसभर राबून रात्री दोन तास मिळतात," असं एक ताई म्हणाल्या. खरं आहे त्यांचं. म्हणून मी सांगतो, सुरुवात आपल्याला ज्यातलं कळतं तिथून करा. दूरच्या देशातल्या युद्धावरचा माहितीपट खरा की खोटा हे आपल्याला ठरवता येणार नाही. ऊसतोडीवरचा ठरवता येतो.

ऊसतोडीवरचे माहितीपट सातारा-सांगलीच्या माणसाने जरूर बघावेत, कारण टोळ्या आपल्या फडात येतात. बघताना कान उघडे ठेवा. निवेदकाला 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार वाटतंय, की नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात हे त्याला ठाऊक आहे? 'उचल', म्हणजे मजुराने हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, हा शब्द येतो का? टोळी आणणारा मुकादम नुसता खलनायक आहे, की कारखाना, मुकादम आणि मजूर यांच्यातला पैशाचा रस्ता उलगडून दाखवलाय? पहाटे तीनला बाई चुलीपुढे बसते तिथे कॅमेरा पोचलाय, की दुपारी बारालाच येऊन गेलाय? जो या परीक्षेत उतरला, त्या दिग्दर्शकाचं आपल्याला न कळणाऱ्या विषयावरचं कामही मी जास्त भरवशाने बघतो. जो इथे चुकला, तो तिकडेही चुकत असणार.

दुसरं उदाहरण माण-खटावकडच्या पाणलोटाच्या कामांचं. श्रमदानानंतर गाव कसं बदललं ते दाखवताना पडद्यावर आधी बोडका तपकिरी डोंगर येतो, मग हिरवागार. बदल खरा असू शकतो, अनेक गावांत तो खरा आहेही, आणि लोकांनी त्यासाठी घाम गाळलाय. पण पहिलं चित्रण एप्रिलचं आणि दुसरं ऑगस्टचं असेल, तर ते कामाचं नाही, पावसाचं चित्रण आहे. एप्रिलची तुलना एप्रिलशीच करायची, तीही दोन-चार वर्षांच्या अंतराने, आणि डोंगरापेक्षा विहिरीची पातळी दाखवायची. गावच्या कामाला न्याय देणारा माहितीपट ही काळजी घेतो.

आवाज आणि चित्रही यंत्राने बनतं त्याचं काय?

एआय, म्हणजे माणसासारखा मजकूर, आवाज, चित्र तयार करणारी संगणकाची यंत्रणा. अँथनी बोर्डेन या दिवंगत शेफवरच्या 'रोडरनर' (2021) या माहितीपटात सुमारे 45 सेकंद त्यांचा आवाज असा बनवलेला होता. शब्द त्यांनीच लिहिलेले, पण ते त्यांनी कधी उच्चारलेले नव्हते. प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून ते बाहेर आलं आणि लोक दुखावले. जुनं चित्रण शोधून देणाऱ्या निर्मात्यांच्या संघटनेने 2024 साली यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचं सार असं की बनवलेलं असेल तर सांगा.

आपल्याकडे हा प्रश्न इतिहासाच्या बाबतीत जास्त येणार. इंग्रजांविरुद्ध आपल्या भागात उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा खजिना लुटला. तिथे कॅमेरा नव्हता. उद्या कुणी त्या गाडीचं धुरकट, काळंपांढरं, ओरखडे पडलेलं 'चित्रण' दाखवलं, तर ते नटांचं आहे किंवा यंत्राचं. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने मात्र त्या लुटीत असलेल्या कुंडलच्या कॅप्टन भाऊंना, रामचंद्र श्रीपती लाड यांना, ते हयात असताना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं. वयाची नव्वदी ओलांडलेला माणूस आपण काय केलं ते सांगतोय, बस्स. त्यात स्फोट नाहीत, घोडे नाहीत. आमच्या मंडळातल्या पोरांनी ते श्वास रोखून पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची आठवण चुकू शकते, तीही ताडून बघावी लागते. पण ती आठवण कुणाची आहे हे समोर दिसतं.

पुराचा माहितीपट

एवढा खटाटोप कशाला, करमणूक म्हणून बघून सोडून द्यावं, असं म्हणणाऱ्याला मी पुराकडे बोट दाखवतो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. त्यानंतर पुरावर कितीतरी लहानमोठे माहितीपट आले. त्यातला एक आम्ही मंडळात लावला होता. मध्येच शामरावनगरच्या एक मावशी उठून म्हणाल्या, "हे पाणी त्या सालचं न्हवं." चित्र थांबवलं. मावशींनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे चार मजली इमारत असायला हवी होती. ती 2005 च्या पुरानंतर बांधलेली. म्हणजे 2005 चं चित्रण 2019 म्हणून लावलं होतं. पूर दोन्ही वर्षी खरा. पण कुठल्या वर्षी कुठवर पाणी आलं यावर पूररेषा ठरते, आणि पूररेषेवर लोकांची घरं ठरतात.

त्याहून अवघड प्रश्न कारणांचा. एक माहितीपट म्हणतो, सगळा दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा. दुसरा म्हणतो, कोयनेतून पाणी सोडायला उशीर झाला. तिसरा नदीपात्रातल्या भरावांवर बोट ठेवतो. चौथा म्हणतो, पाऊसच तसा पडला. प्रत्येकाजवळ खरी दृश्यं आहेत. अलमट्टीची पाणीपातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरवर नेण्याचा कर्नाटकचा प्रस्ताव आहे, इकडे त्याला विरोध चालू आहे. मोर्च्यात, ग्रामसभेत बोलणाऱ्या कितीतरी जणांनी आपलं मत असल्या एखाद्या चित्रपटावरून बनवलेलं असतं. तो चित्रपट अर्धा असेल, तर आपली मागणीही अर्धीच राहणार.

म्हणून मंडळात पुढचा पुराचा माहितीपट निवडताना मी नदीबरोबर चालणारा शोधतो आहे. कोयना धरणाच्या 105 टीएमसी साठ्यापासून निघणारा (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), कराडच्या प्रीतिसंगमावर थांबणारा, हरिपूरला वारणा मिळते तिथे त्या रात्री दोन्ही नद्यांना किती पाणी होतं ते विचारणारा. नृसिंहवाडीला पंचगंगा आली की खालचं पाणी वरच्याला कसं अडवतं ते दाखवणारा, आणि मग अलमट्टीपर्यंत जाऊन तिथल्या अभियंत्यालाही बोलू देणारा. 2019 नंतर सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल उघडून त्यातलं काय पटतं, काय नाही, ते सांगणारा. धरणांची रोजची आवक-जावक तारखेसकट पडद्यावर ठेवणारा. आणि मावशींच्या कोपऱ्यावर येऊन त्यांच्या भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजणारा. तो मिळाला की मंडळाच्या खोलीत न दाखवता कृष्णेच्या घाटावर मोठा पडदा लावायचा, असं आम्ही ठरवलं आहे. आण्णा वाळव्याहून येणार आहेत.